गवतावर जगणारं माकड

इथिओपियाच्या उत्तरेला सिमियन पर्वत आहेत. तिथल्या तीन हजार मीटरहून उंच पठारांवर ऊन चढलं की कड्याच्या कपारींत रात्र काढलेले गेलाडा वर येतात, बसतात आणि गवत खुडू लागतात. आजच्या माकडांत मुख्यतः गवतावर जगणारं हे एकटंच. त्याचे गवतखाऊ भाऊबंद कधीच नामशेष झाले. त्यांतल्या एकाचे जीवाश्म आपल्या शिवालिक टेकड्यांतही सापडले आहेत.

गवत हाती धरलं की हा प्राणी उलगडत जातो. एकेक पातं निवडायचं म्हणून अंगठा आणि तर्जनी चिमटीत नेमकी जुळतात. गवतात कस कमी, त्यामुळे दिवसाचा मोठा भाग चरण्यातच जातो आणि गेलाडा बसल्या बसल्याच पुढे सरकतो. बबूनच्या मादीचा माज मागच्या बाजूने दिसतो. इथे ती बाजू कायम जमिनीला टेकलेली, म्हणूनच बहुधा खूण छातीवर आली: डमरूच्या आकाराचा, बिनकेसांचा लाल पट्टा.

फळझाडावरून जुंपते तशी गवतावरून फारशी जुंपत नाही. त्यामुळे शेकडो गेलाडा एकत्र चरतात. कधी कळप हजाराच्या घरात जातो. मात्र त्या गर्दीतलं खरं घर छोटं असतं: सहसा एक नर, काही माद्या आणि पोरं. आयाळ नराची असली तरी घर माद्यांचं. मायलेकी, बहिणी जन्मभर सोबत राहतात, एकमेकींचे केस विंचरतात. नर येतात आणि जातात.

हे जाणं-येणं सोपं नसतं. सड्या नरांच्या टोळ्या टपूनच असतात. नवा नर घर जिंकतो तेव्हा अंगावरची पिल्लं अनेकदा त्याच्या हातून मरतात. सिमियनमधल्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अशा सत्तापालटानंतर बहुतेक गाभण माद्यांचा गर्भ पडल्याचं दिसलं. जे पिल्लू जन्मताच मारलं जाण्याची शक्यता, त्यासाठी आईचं शरीर पुढे झिजत नाही. या निष्ठुर हिशेबापाशी मी दरवेळी थबकतो.

दक्षिणेकडच्या गुआसा पठारावर वेगळंच दिसतं. दुर्मीळ इथिओपियन लांडगा चरत्या कळपातून निवांत फिरतो, पिल्लांना सहसा हात लावत नाही आणि उंदीर मात्र एरवीपेक्षा जास्त पकडतो. ते गवत टिकलं ते गावकऱ्यांमुळे. छपरासाठी लागणारं गवत कधी कापायचं, कुरण किती वर्षं बंद ठेवायचं, याचे नियम त्यांनी शतकानुशतकं पाळले. सिमियनमध्ये मात्र बार्लीची शेतं आणि गुरं उतारावरून वर सरकत आहेत, आणि कड्याच्या माथ्यावरून गेलाडाला आणखी वर जायला जागा नाही.