उड्या मारणारी सायकल

दिवाळीच्या आवराआवरीत काय काय बाहेर निघतं ते मैत्रिणींनो, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. यंदा आमच्या जिन्याखालून निघाली लेकीची आठवीतली सायकल. लाल-पिवळी, जाडजूड नळीची, पुढच्या चिमट्याला दोन शॉकअप आणि सीटखाली मनगटाएवढी जाड स्प्रिंग. २००३ च्या जूनमध्ये घेतलेली. जेमतेम दीड वर्ष चालवली असेल, मग जी जिन्याखाली गेली ती गेलीच.

त्या वर्षी साताऱ्यात या ‘डबल शॉकअप’ सायकलींचं भारी वेड होतं. क्लासच्या बाहेर पोरं त्या उभ्या करून सीट दाबून दाखवायची, हँडल धरून जागच्या जागी उड्या मारायची. लेक म्हणाली, ‘‘आई, लेडीज सायकल नको, मला तसली पाहिजे.’’ मुलीने मुलांसारखी सायकल मागितली याचं मला खरं तर कौतुकच वाटलं. माझी भिशी नुकतीच लागली होती. ते सगळे पैसे त्या सायकलीत गेले.

आणि मग रोजची रड सुरू झाली. पोवई नाक्यापासून राजवाड्याकडे जाणारा चढ ज्यांनी सायकलवर काढलाय त्यांना ठाऊक आहे. इतर मुली साध्या काळ्या सायकलींवर पुढे निघून जायच्या आणि ही मागे. घामाघूम होऊन शाळेत पोचायची, कधी उतरून ढकलत न्यायची. शाळेतल्या एका सरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘काय गं, दमच नाही तुझ्यात.’’ ते तिने मनाला लावून घेतलं. आणि मी? मी तिला शेंगदाणे-गूळ द्यायला लागले. रोज दोन खजूर. तेवढ्यावर भागेना म्हणून डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासून आणलं. चांगलं निघालं! मग मी म्हटलं, ‘‘तू प्रयत्नच करत नाहीस.’’ पोरीचं रक्त तपासलं, पण सायकल तपासावी असं घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. नववीत तिने सायकल सोडली आणि रिक्षा लावली. खो-खोच्या संघातूनही स्वतःच नाव काढून घेतलं.

आज ती पस्तिशीला आली आहे. पुण्यात असते. दर रविवारी सायकलवरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते, आम्हाला फोटो पाठवते. तर या दिवाळीत ही जुनी सायकल अंगणात आल्यावर तिने सीटवर तळहात ठेवला, जोरात दाबला आणि सोडला. सायकल करकरत खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. ‘‘बघितलंस? माझा सगळा जोर इथे जायचा.’’

मला नीट कळलं नाही. तेव्हा ती म्हणाली, ‘‘गादीवर पोळपाट ठेवून पोळ्या लाटून बघ.’’ मग मात्र लख्ख समजलं. लाटण्यावर आपण जोर देतो, पण पोळपाटच खाली दबतो. पीठ पसरतच नाही, हात मात्र भरून येतात. पायडल मारताना आपण दर वेळी पायाने खाली रेटा देतो. खालची स्प्रिंग मऊ असेल तर त्या रेट्यातला काही भाग ती दाबण्यातच जातो. चढावर उभं राहून पायडल मारलं की अख्खं शरीर वर-खाली होतं, म्हणजे तर विचारूच नका. शिवाय आमच्या त्या स्प्रिंगमध्ये तेल नव्हतं. स्कूटरच्या शॉकअपमध्ये तेल असतं, ते स्प्रिंगला सावकाश परत यायला लावतं. नुसती स्प्रिंग म्हणजे बाळाच्या झोळीची. एकदा हलवली की हलतच राहते.

गंमत बघा, भंगारवाल्याच्या काट्यावर सायकल १९ किलो भरली. माझी जुनी लेडीज सायकल १८ किलोची. म्हणजे सगळा दोष वजनाचाही नव्हता.

मग मला चैन पडेना. ही असली सायकल काढली तरी कुणी, हे शोधायला बसले. लेकीने वाचायला बरंच काही पाठवलं आणि मी दिवाळीचे उरलेले दिवस त्यातच घालवले. (फराळाचा चिवडा यंदा थोडा करपला, ते यामुळेच.)

सायकलीला स्प्रिंग लावायची कल्पना आपल्या आजीच्याही आधीची निघाली. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये ‘व्हिपेट’ नावाची स्प्रिंगवाली सायकल निघाली होती. तेव्हाची चाकं भरीव रबराची आणि रस्ते दगडी, हाडं खिळखिळी व्हायची. पण १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि स्प्रिंगांची गरजच संपली. आपण ज्याला पंक्चर काढून काढून वैतागतो, तो टायर म्हणजेच सायकलीचा पहिला खरा शॉकअप. पुढे १९६२ मध्ये इंग्लंडच्याच अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी छोट्या चाकांची, पुढे-मागे रबराचे शॉकअप असलेली सायकल काढली. बाई आणि पुरुष दोघांनाही चालवता यावी म्हणून तिचा दांडा मुद्दाम खाली ठेवला होता.

डोंगरातली सायकल मात्र अमेरिकेतली, कॅलिफोर्नियातली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली पोरं १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या भंगार सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेवरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार एवढा तीव्र की मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे इंग्रजीत ‘रिपॅक’. त्या वाटेचं नावच रिपॅक पडलं. या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती. ती स्वतः शर्यतीत उतरायची आणि त्या काळातले बरेचसे फोटोही तिनेच काढलेले आहेत. जॅकी फेलन ही दुसरी. १९८३ पासून सलग तीन वर्षं ती अमेरिकेची विजेती होती. पुढे तिने बायकांसाठी जो सायकल क्लब काढला त्याचं नाव ‘विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी’. डोंगरात सायकल आणि बरोबर चहा. हे वाचून मला आपलीच एखादी भिशी आठवली.

या सगळ्या सायकलींना शॉकअप नव्हते. कोपरं आणि गुडघे हेच शॉकअप. १९८९ च्या सुमारास पॉल टर्नर नावाच्या, मोटरसायकलींच्या धंद्यातून आलेल्या माणसाने ‘रॉकशॉक्स’चा पुढचा चिमटा बाजारात आणला. तो दबायचा दोन इंचांपेक्षाही कमी, तरी लोक हसले. खरा डोंगरातला माणूस असली लाडावलेली सायकल चालवत नाही, असं म्हणाले. १९९० मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगो गावी पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. उताराच्या शर्यतीत पुरुषांमध्ये ग्रेग हर्बोल्ड जिंकला तो हाच चिमटा लावून. हसणं बंद झालं.

पुढचा चिमटा त्या मानाने सोपा. मागचं चाक अवघड, कारण तिथे चेन असते. चाक वर-खाली झालं की चेन ओढली जाते, नाहीतर ढिली पडते. चेन ओढली की चाक उचललं किंवा दाबलं जातं. म्हणजे खरा प्रश्न मागचं चाक बिजागरावर कुठे टांगायचं हा होता, आणि त्यासाठी सगळ्यांनी डोकं चालवलं. कुणी स्प्रिंगच्या जागी रबरासारखे ठोकळे घातले, ते थंडीत कडक व्हायचे. मर्ट लॉविल हा १९६९ चा अमेरिकेचा मोटरसायकल विजेता. त्याने गॅरी फिशरच्या कंपनीसाठी चार दांड्यांची आणि अनेक सांध्यांची मागची बाजू बनवली. ती १९९२ च्या सुमारास विकायला आली. फोटोत ती पाहताना मला शिवणयंत्राच्या पायट्याची आठवण झाली. या लॉविलबद्दल आणखी एक कळलं ते मला फार भावलं. त्याच्या बरोबरीच्या एका स्पर्धकाने अपघातात हात गमावला होता. त्याला पुन्हा हँडल धरता यावं म्हणून लॉविलने कृत्रिम हात बनवला आणि पुढे तसे हात इतरांसाठीही बनवले.

होर्स्ट लाइटनर हा ऑस्ट्रियाचा, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला इंजिनिअर. त्याने मागच्या चाकाच्या अगदी पुढे, खालच्या दांडीवर एक जादा बिजागर बसवलं. एवढंच! पण त्यामुळे ब्रेक दाबला की मागची स्प्रिंग जी आवळून बसायची, ती मोकळी राहू लागली. त्या बिजागराला आजही त्याच्या नावाने ‘होर्स्ट लिंक’ म्हणतात. त्याचं पेटंट १९९८ मध्ये एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं.

आणि मग आली ट्रेक कंपनीची ‘वाय’ सायकल, १९९५ च्या सुमाराची. इंग्रजी वाय अक्षरासारखी फ्रेम. दिसायला इतकी देखणी की मीही क्षणभर बघत राहिले. हिच्यात पायडल आणि मागचं चाक दोन्ही एकाच हलणाऱ्या भागावर. त्यामुळे चेनचा प्रश्न सुटला, पण दुसराच उभा राहिला. सीटवर बसलं की गादी, पायडलवर उभं राहिलं की फळी. उतारावर माणूस उभा राहतो, म्हणजे शॉकअप नेमका हवा तेव्हाच तो आखडायचा. जाणकार कुरकुरले. पण लोकांच्या डोळ्यांत ते रूप भरलं ते भरलंच. मग जगभरातल्या कारखान्यांनी तशा आकाराच्या स्वस्त सायकली काढल्या. चांगली बेअरिंगं, तेलाचा शॉकअप, विचार करून ठरवलेली बिजागराची जागा हे सगळं महाग. आकार मात्र फुकट. आमच्या जिन्याखाली होती ती त्याच वळणाची.

मूळच्या महागड्या सायकलीही हलक्या वजनाच्या बायकांना जड जायच्या, कारण स्प्रिंग साधारण पुरुषाच्या वजनाला जुळेल अशी असायची. बाई बसली की ती दबायचीच नाही. हवा भरायचे शॉकअप आले तेव्हा आपापल्या वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येऊ लागली. ज्युली फर्टाडो या बाईची गोष्ट यातच येते. मूळची बर्फावर स्कीइंग करणारी. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे ते सुटलं म्हणून सायकलवर बसली आणि ड्युरँगोला १९९० ची जागतिक विजेती झाली. १९९२ मध्ये उताराची विजेती. १९९३ मध्ये ओळीने १७ शर्यती जिंकली. मग शरीर साथ देईना. ल्युपस नावाचा आजार निघाला आणि १९९७ मध्ये तिने स्पर्धा सोडल्या. नंतर सांताक्रूझ कंपनीने तिच्या नावावरून बायकांसाठी ‘ज्युलियाना’ सायकल काढली. पायडल मारताना उड्या न मारणारी बिजागरं २००० नंतर हळूहळू जमत गेली, त्यातली काही याच कंपनीने बाजारात आणली. आता चांगल्या डोंगरी सायकली चढावर बऱ्याच शहाण्यासारख्या वागतात म्हणे. किमती मात्र ऐकू नयेत.

हे सगळं लेकीला सांगायला लागले तर ती शांतपणे म्हणाली, ‘‘आई, मला तेव्हा खरंच वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.’’ मी काय बोलणार? चहा टाकला.

सायकल भंगारात द्यायची नाही असं दोघींनी ठरवलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी यंदा आठवीत आहे, चालत शाळेत जाते. सायकलवाल्या मामांकडे नेली. मामांनी आधी मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवलं. ते चांगलं बोटभर हललं. ‘‘बुश गेलंय. असं चाक हलत असंल तर वहिनी, पोरीला बसवायचं नाही. वळणावर दगा देतंय.’’ बुश नवीन घातलं. मग त्यांनी ती मनगटाएवढी स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी बरोबर तेवढ्याच लांबीची जाड लोखंडी पट्टी, दोन भोकं पाडून, नटबोल्टने आवळली. जाड खाचांचे टायर काढून साधे घातले, हवा टच्च भरली. डांबरी रस्त्यावर ते खाचांचे टायरही जोर खातात, हे मामांनीच सांगितलं. नवी सायकल घ्यायची तर काय बघावं, हेही मी विचारून घेतलं. मामा म्हणाले, ‘‘शाळेत जायला शॉकअप कशाला? घ्यायचाच तर पुढचा एक. आणि सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. निम्म्या पोरी गुडघे पोटात घेऊन चालवतात.’’

मी लगेच सीट दाबून बघितली. हलली नाही.

शनिवारी ती पोर सायकल घेऊन राजवाड्यापर्यंत जाऊन आली. दारात उतरली, धापा टाकत होती, पण हसत होती. लेकीने पुण्याहून फोनवर मला आधीच बजावून ठेवलं होतं, ‘‘कशी वाटली ते विचार, दम लागला का ते विचारू नकोस.’’ मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, ‘‘काकू, सीट अजून थोडी वर करायला पाहिजे.’’