फायलीच्या वाटेने: सरकारी खरेदीच्या परीक्षेची तयारी

सरकारी खरेदी हा विषय परीक्षेत आहे असं कळलं की बहुतेक उमेदवार आकडे पाठ करायला बसतात. किती रुपयांपर्यंत दरपत्रकं मागवावी लागत नाहीत, कितीच्या वर जाहीर निविदा, बयाणा किती टक्के, सुरक्षा अनामत किती टक्के. आकडे पाठ होतात आणि परीक्षेच्या आठवड्यात एकमेकांत मिसळतात. माझं मत स्पष्ट आहे: हा विषय पाठांतराचा नाही. एक खरेदी मनाशी धरायची आणि तिची फाईल मागणीपत्रापासून बिलापर्यंत जिथे जिथे जाते तिथे तिच्याबरोबर जायचं. प्रत्येक टेबलावर सार्वजनिक पैसा वाया जाण्याची किंवा कुणावर अन्याय होण्याची एक ठरावीक शक्यता असते आणि नियम नेमका तिथेच केलेला असतो. ती शक्यता ओळखली की आकडा विसरत नाही.

आधी आपली परीक्षा कोणती, ते नीट पाहावं. बाहेरून भरतीच्या परीक्षांत खरेदीचे नियम फारसे येतच नाहीत. अणुऊर्जा विभागाचं खरेदी व भांडार संचालनालय मुंबईत आहे. तिथल्या कनिष्ठ खरेदी सहायक किंवा कनिष्ठ भांडारपाल या पदांसाठी, किंवा रेल्वे भरती मंडळाच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेतून मिळणाऱ्या डेपो मटेरियल सुपरिंटेंडंट या पदासाठी बसणाऱ्याने आपला अभ्यासक्रम आधी वाचावा. खरेदीच्या नियमांचा खरा कस लागतो तो नोकरीत आल्यावरच्या विभागीय परीक्षांत. रेल्वेच्या भांडार विभागात गट क मधून सहाय्यक सामग्री व्यवस्थापक व्हायचं असेल, तर निविदेपासून साठ्यापर्यंत सगळं विचारलं जातं. हा लेख मुख्यतः अशा परीक्षार्थींसाठी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नियमपुस्तक. केंद्र सरकारच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७, म्हणजेच जीएफआर, लागू आहेत. त्यातले १४२ ते २०६ हे नियम वस्तू आणि सेवांच्या खरेदीचे, आणि त्यापुढचं प्रकरण साठ्याचं. रेल्वेची स्वतःची भांडार संहिता आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची सुधारित नियमपुस्तिका दिलेली आहे आणि तिच्यातही वेळोवेळी बदल झाले आहेत. या पुस्तकांची तत्त्वं एकच आहेत, मर्यादा वेगवेगळ्या. राज्याच्या परीक्षेला केंद्राचा आकडा लिहून येणारे दरवेळी भेटतात. पुढचं उदाहरण केंद्राच्या नियमांवर घेतलं आहे.

समजा, एका केंद्रीय प्रयोगशाळेला ४० डेस्कटॉप संगणक हवे आहेत. प्रत्येकी अंदाजे ५०,००० रुपये, म्हणजे एकूण २० लाख.

पहिला कागद मागणीपत्राचा. त्यात वस्तूचं तांत्रिक वर्णन येतं आणि परीक्षक इथेच पहिला सापळा लावतात. मागणी करणाऱ्या शास्त्रज्ञाला एका विशिष्ट कंपनीचाच संगणक हवा असतो आणि तो वर्णनात त्या कंपनीचं नाव घालतो. ते चालत नाही. वर्णन कामाच्या गरजेवरून लिहायचं: स्मृती किती, साठवण किती, वॉरंटी किती वर्षांची. एकाच उत्पादकाची वस्तू खरोखरच लागत असेल, तर नियम १६६ खाली तसं प्रमाणपत्र सहीने द्यावं लागतं आणि मग एकल निविदा काढता येते. म्हणजे स्पर्धा टाळायला मनाई नाही, पण टाळणाऱ्याने कारणाखाली नाव लिहायला हवं.

दुसरा सापळा तुकड्यांचा. २०१७ च्या मूळ नियमांत तीन पायऱ्या होत्या. २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकांशिवाय (नियम १५४), त्यापुढे अडीच लाखांपर्यंत तीन सदस्यांच्या स्थानिक खरेदी समितीमार्फत (नियम १५५), आणि २५ लाखांपर्यंत मर्यादित निविदा (नियम १६२). आता कुणी सुचवलं की ४० संगणकांचे पाच-पाचचे आठ भाग करू, प्रत्येक भाग बरोबर अडीच लाखांचा होईल, समिती बाजारात जाऊन घेऊन येईल, तर? नियम १५७ हे थांबवतो. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे करता येत नाहीत. या तीन मर्यादा नंतर वाढवल्या गेल्या आहेत, म्हणून आपल्या परीक्षेच्या सूचनेतली तारीख पाहून त्या दिवशी लागू असलेली मर्यादा लिहावी. तुकडे न करण्याचं तत्त्व मात्र मर्यादा बदलली तरी तसंच राहतं.

याच नियमांतला एक बारकावा हमखास विचारतात. मर्यादित निविदा किती पुरवठादारांना पाठवायची? बरेच जण तीन लिहितात. नियम म्हणतो, तीनपेक्षा जास्त.

मात्र या पायऱ्या सुरू होण्याआधीच नियम १४९ येतो. वस्तू जेमवर, म्हणजे सरकारच्या ई-बाजारपेठेवर, मिळत असेल तर ती तिथूनच घ्यायची. ही बाजारपेठ ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. त्याआधी केंद्राची बरीचशी खरेदी डीजीएसअँडडी या संचालनालयाने ठरवलेल्या दरकरारांवर चालत असे आणि ते संचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. जुन्या मार्गदर्शकांत अजून दरकरारांची पानंच्या पानं असतात. ती सोडून द्यावीत.

आमच्या २० लाखांच्या मागणीसाठी जेमवर बोली मागवावी लागते. बोली भरायला मुदत किती? जाहीर निविदेला साधारणपणे प्रसिद्धीपासून किमान तीन आठवडे, परदेशातूनही बोली अपेक्षित असेल तर चार. मुदत फार कमी ठेवली की ज्याला आधीच खबर आहे तोच तयारीनिशी येतो. म्हणून ही अट. उशिरा आलेली बोली विचारात घ्यायची नाही, ती कितीही स्वस्त असली तरी.

आता बयाणा रक्कम आणि सुरक्षा अनामत. या दोन्हींची गल्लत सर्वांत जास्त होते, म्हणून इथे थोडं थांबू. बयाणा बोलीबरोबर येतो आणि बोली भरून मागे फिरणाऱ्याला आवर घालतो. तो अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ४०,००० ते १ लाख रुपये. बोलीची वैधता संपल्यानंतर आणखी ४५ दिवस तो वैध राहायला हवा. सुरक्षा अनामत फक्त निवडलेला पुरवठादार देतो आणि ती काम नीट पार पाडण्याची हमी असते. २०१७ च्या नियमांत ती कराराच्या किमतीच्या ५ ते १० टक्के होती. कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२० पासून, ती काही काळ ३ टक्क्यांवर आणली होती. तिची वैधता कराराच्या सर्व जबाबदाऱ्या संपल्यानंतर ६० दिवस, आणि वॉरंटी हीही जबाबदारीच. तीन वर्षांची वॉरंटी असेल तर बँक हमी तीन वर्षं आणि वर ६० दिवस जिवंत हवी. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाण्यातून सूट आहे, सुरक्षा अनामतीतून नाही. हे एक वाक्य समजून घेतलं तरी दोन-तीन प्रश्न सुटतात.

बोली दोन लिफाफ्यांची असेल तर तांत्रिक भाग आधी उघडतो. त्यात जे पात्र ठरतील त्यांचेच दर उघडायचे. दर आधी दिसले तर तांत्रिक तपासणी करणाऱ्याची नजर स्वस्त बोलीकडे झुकते, हे त्यामागचं कारण.

दर उघडल्यावर तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि इथे गणित येतं. समजा, सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, एका मोठ्या कंपनीचा: ५०,००० रुपये. एका लघुउद्योगाचा दर ५६,००० आणि दुसऱ्या लघुउद्योगाचा ५९,०००. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण २०१२ चं आहे. त्यातला वार्षिक खरेदीचा हिस्सा आधी २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून तो २५ टक्के झाला. धोरण असं सांगतं की ज्या लघुउद्योगाचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत आहे, त्याला एल-वनच्या दराला येण्याची संधी द्यायची. ५६,००० हा दर १२ टक्क्यांनी जास्त, म्हणजे आत बसतो. ५९,००० हा १८ टक्क्यांनी जास्त, म्हणजे बाहेर. पहिल्या लघुउद्योगाने ५०,००० मान्य केले तर ४० पैकी १० संगणक त्याला आणि ३० एल-वनला. सरकार कुणालाही ५६,००० देत नाही, हे लक्षात घ्या. सवलत दरात नसून संधीत आहे. आणि ही संधी उत्पादकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. दुसऱ्याचे संगणक आणून विकणारं लघुउद्योगाचं दुकान यात बसत नाही.

याच्या जोडीला २०१७ चा मेक इन इंडिया आदेश आहे. स्थानिक घटक ५० टक्के किंवा जास्त असेल तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० टक्के असेल तो दुसऱ्या वर्गाचा, आणि पहिल्या वर्गाला २० टक्क्यांच्या फरकापर्यंत प्राधान्य. लघुउद्योगाचे १५ आणि इथले २० हे आकडे वेगळ्या धोरणांचे आहेत, ते वेगळ्या पानांवर लिहून ठेवा.

दर जास्त वाटले तर घासाघीस करता येईल का? केंद्रीय दक्षता आयोगाचं ३ मार्च २००७ चं परिपत्रक सांगतं की निविदेनंतर वाटाघाटी करायच्या नाहीत. अपवाद म्हणून केल्याच तर फक्त एल-वनशी. दुसऱ्या-तिसऱ्याशी बोलणी सुरू झाली की पुढच्या निविदेत कुणीच पहिल्यांदा खरा दर भरणार नाही.

इथे एक निकाल वाचावा असा माझा आग्रह आहे, कारण तो मुंबईत घडलेल्या गोष्टीचा आहे. सांताक्रूझ विमानतळावर उपाहारगृह चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. अट होती की बोली भरणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलचालक असावा. काम दिलं गेलं ते उपाहारगृहांचा अनुभव असलेल्या, पण ही अट न पाळणाऱ्या बोलीदाराला. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली पात्रतेची अट स्वतः पाळलीच पाहिजे. कारण अट सैल होणार हे आधी कळलं असतं तर इतरही अनेकांनी बोली भरली असती. अर्जदाराला त्या प्रकरणात दिलासा मिळाला नाही, पण तत्त्व कायम झालं. निविदेच्या अटींवरचा कोणताही प्रसंगनिष्ठ प्रश्न या निकालाच्या आधाराने नीट सोडवता येतो.

पुरवठा आदेश गेल्यावर करार होतो. केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या नावाने, राज्याचा राज्यपालांच्या नावाने. संविधानाचा अनुच्छेद २९९. माल आला की मोजणी, तपासणी, साठा नोंदवहीत नोंद आणि मगच बिल. खासगी पुरवठादाराला आगाऊ रक्कम सहसा देत नाहीत. द्यावीच लागली तर कराराच्या ३० टक्क्यांपर्यंत, सरकारी कंपनीला ४० पर्यंत. आणि लघुउद्योगाचं बिल माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत द्यायचं, हे २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. नियमांची ही दुसरी बाजू उत्तरात लिहिणारे थोडे असतात. लिहावी, कारण थकलेल्या बिलावर एखादा छोटा कारखाना बंद पडू शकतो.

साठ्याच्या भागाला मी कमी वेळ देईन, पण एक सूत्र सोडवता आलंच पाहिजे: एका वेळी किती माल मागवायचा. वर्षाची मागणी ३,६०० नग, एका आदेशाचा खर्च ५०० रुपये, एका नगाची किंमत २०० आणि साठवणुकीचा खर्च तिच्या २० टक्के, म्हणजे ४० रुपये. दोन गुणिले ३,६०० गुणिले ५००, भागिले ४०, येतात ९०,०००, त्याचं वर्गमूळ ३००. म्हणजे वर्षाला १२ आदेश. पडताळा घ्या: आदेशांचा खर्च ६,००० आणि सरासरी १५० नगांच्या साठवणुकीचा खर्चही ६,०००. दोन्ही सारखे आले की उत्तर बरोबर.

लेखी परीक्षेत ज्ञानाइतकीच वेळेची अडचण येते. म्हणून दर आठवड्याला एक काल्पनिक प्रकरण घेऊन घड्याळ लावून कार्यालयीन टिप्पणी लिहावी: वस्तुस्थिती, लागू नियम, शिफारस. आधी शिफारस ठरवून मग नियम शोधायची सवय लागू देऊ नका. शक्य असेल तर आपल्याच कार्यालयातली जुनी, बंद झालेली फाईल परवानगी घेऊन पहिल्या पानापासून वाचा. लेखापरीक्षणाचे आक्षेप असलेली फाईल मिळाली तर आधी ती वाचा. नियम कुठे मोडतो हे तिच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

महागड्या गाईडवर पैसे घालू नका. जीएफआर आणि वस्तूंच्या खरेदीची नियमपुस्तिका ही दोन्ही वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. उतरवून घेताना ती कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहेत हे पहिल्या पानावर पाहा, आणि वाचायला नियम १४४ पासून सुरुवात करा.