टिपणं जळाली, गाव लिहिलं गेलं

२४ एप्रिल १९७०. अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या एका अभ्यासकेंद्राला कुणीतरी आग लावली. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास तेव्हा तिथे पुस्तक लिहायला बसले होते. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ साली राहून जमवलेल्या माहितीची पुढच्या अठरा वर्षांत त्यांनी वर्गवारी लावली होती. त्या टिपणांच्या तिन्ही प्रती खोलीतच होत्या. तिन्ही जळाल्या.

मूळ वह्या दिल्लीत शाबूत होत्या. तरी मानववंशशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी वेगळंच सुचवलं: आठवेल तसं लिहा. त्यातून १९७६ साली ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक आलं.

या घटनेकडे केवळ जिद्दीची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. तिचं खरं मोल संशोधनाच्या लेखनाबद्दल ती जे सांगते त्यात आहे. गुणात्मक संशोधनात मुलाखती, निरीक्षणं, गप्पा यांचा ढीग साचतो. तासाभराची एक मुलाखत शब्दशः उतरवायलाच चार-पाच तास सहज जातात. विद्यार्थ्यांना वाटतं, माहिती गोळा झाली की काम संपलं, आता फक्त लिहून काढायचं. प्रत्यक्षात शोध लिहितानाच लागतो. कुणाचं बोलणं घ्यायचं, कुठला प्रसंग कशाशेजारी ठेवायचा, हे ठरवताना अर्थ आकार घेतो.

श्रीनिवास मुंबई विद्यापीठात मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकले. तिथे जुन्या ग्रंथांतून समाज वाचण्याची परंपरा बळकट होती. पुढे ऑक्सफर्डला गेल्यावर गावात राहून समाज पाहण्याची ओढ पक्की झाली. ग्रंथांतल्या उतरंडीत ब्राह्मण सर्वांत वर. श्रीनिवास यांनी पाहिलेल्या गावात मात्र शब्द चालायचा तो ओक्कलिगा या शेतकरी जातीतल्या लोकांचा. संख्या त्यांची, जमीन त्यांची, पाटीलकीही त्यांचीच. ‘प्रभुत्वशाली जात’ ही श्रीनिवास यांची प्रसिद्ध संकल्पना अशा रोजच्या व्यवहारांतून उभी राहिली. कोण कुणाचं भांडण सोडवतो, मजूर कुणाच्या ओसरीवर थांबतात, असे तपशील तक्त्यात बसवणं अवघड. ते सांगावेच लागतात.

लिहिताना जबाबदाऱ्याही येतात. श्रीनिवास यांनी गावाला ‘रामपुरा’ हे बदललेलं नाव दिलं. पण नुसतं नाव बदलून भागत नाही. लहान गावात एखाद्याचा धंदा आणि घरातलं भांडण एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. म्हणून कधी तपशील पुसट करावा लागतो, कधी चांगला प्रसंग मनावर दगड ठेवून गाळावा लागतो.

दुसरी जबाबदारी स्वतःबद्दलची. श्रीनिवास ब्राह्मण होते आणि पाटलाच्या जागेत राहत होते, त्यामुळे दलित वस्तीत मोकळेपणाने मिसळणं त्यांना कठीण होतं. आपलं चित्र वरच्या जातीच्या नजरेतून आलंय, हे त्यांनी पुस्तकात मान्य केलं. ती कबुली वाचकाला बाकीचं पुस्तक तोलून पाहायला मदत करते.

असाच प्रांजळपणा आणखी एका पुस्तकात दिसतो. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांनी बॉस्टनच्या इटालियन वस्तीतल्या तरुणांवर ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ लिहिलं, १९४३ साली. १९५५च्या आवृत्तीत त्यांनी एक लांबलचक परिशिष्ट जोडलं: वस्तीत शिरकाव कसा झाला, कुणी हात दिला, कुठे चुकलं. नवे संशोधक आज ते परिशिष्टही मूळ पुस्तकाइतक्याच आस्थेने वाचतात.