454 ग्रॅमचा लढवय्या

काट्यावर आकडा येतो 471. मर्यादा असते 454 ग्रॅमची. महिनाभर रात्री जागून घडवलेला छोटासा रोबो रिंगणात उतरण्याआधीच बाद ठरतो. जास्तीचे वजन किती? 17 ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांहून थोडे अधिक. रोबोंच्या लढतीत उतरणाऱ्या अनेक नवख्या मुलांची पहिली झुंज प्रतिस्पर्ध्याशी होत नाही, ती या वजनकाट्याशी होते.

हा खेळ फार जुना नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे मार्क थॉर्प यांनी 1994 मध्ये ‘रोबो वॉर्स’ ही स्पर्धा भरवली. पुढे 1998 पासून बीबीसीने त्यावर दूरचित्रवाणी मालिका केली आणि हा खेळ घराघरांत पोहोचला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मधील रोबोवॉर पाहायला विद्यार्थ्यांची मोठी गर्दी होते. कुस्तीप्रमाणे यातही वजनगट असतात. सर्वांत मोठे रोबो शंभर किलोच्या पुढे जातात. लहान गटांना किड्या-मुंग्यांची नावे आहेत. अमेरिकेतला ‘अँटवेट’ एक पौंडाचा, म्हणजे 454 ग्रॅमचा, तर ‘बीटलवेट’ तीन पौंडांचा. ब्रिटनमध्ये मात्र ‘अँटवेट’ 150 ग्रॅमचाच. असे रोबो अभ्यासाच्या टेबलावरही घडवता येतात, म्हणून शाळा-कॉलेजातील मुले त्यांच्याकडे वळतात.

ग्रॅमांचे अंदाजपत्रक

454 ग्रॅमचा हिशेब साधारण असा मांडता येतो. फिरते पाते 80 ग्रॅम, ते फिरवणारी मोटर 45, बॅटरी 45, चाकांच्या दोन मोटरी 20, चाके 20, वेग नियंत्रक आणि रिसीव्हर 30, सांगाडा 130, पुढचे चिलखत 50. उरलेल्या 34 ग्रॅममध्ये स्क्रू आणि वायरी. एका खात्यात वाढ केली की दुसऱ्यात कपात करावीच लागते. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

मग 17 ग्रॅम कुठून काढायचे? तीन मिलिमीटर जाडीचा स्टीलचा स्क्रू दहा मिलिमीटरने आखूड केला, तर जवळपास अर्धा ग्रॅम वाचतो. सोळा स्क्रूंमागे सात ग्रॅम होतात. गुंडाळून कोंबलेली जादा वायर कापली की आणखी काही ग्रॅम सुटतात. दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला दहा मिलिमीटरचे एक भोक पाडले, तर 0.4 ग्रॅम कमी होतात. पण भोक कुठे पाडायचे, हा खरा प्रश्न आहे.

हाडाकडून शिकण्यासारखे

या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या शरीरात आहे. मांडीचे हाड भरीव नसते. ते नळीसारखे असते. तितक्याच वजनाच्या आणि लांबीच्या भरीव कांडीपेक्षा नळी वाकायला कठीण असते, कारण तिचे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला असते. खुब्याच्या सांध्याजवळ हाडाच्या आतली जाळी ज्या दिशेने भार येतो त्या दिशेनेच विणलेली दिसते. जिथे भार येतो तिथे हाड बळकट होते आणि जिथे येत नाही तिथून ते झिजते, असा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. अंतराळवीरांच्या कंबर-खुब्याच्या हाडांची घनता मात्र दरमहा एक ते दीड टक्क्याने घटू शकते.

रोबोची सुधारणाही याच पद्धतीने होते. फरक एवढाच की हाड हे काम आपसूक करते आणि रोबोच्या बाबतीत ते माणसाला करावे लागते. प्रत्येक लढतीनंतर तडा कुठे गेला, पत्रा कुठे वाकला, स्क्रू कुठला सैल झाला, याची नोंद ठेवायची. तडा गेला, म्हणजे भार तिथे येतो. तिथे द्रव्य वाढवायचे आणि जिथे चार लढतींनंतरही ओरखडा नाही, तिथून काढायचे. आतले टोकदार कोपरे कानशीने गोल करायचे, कारण तडा बहुधा अशा कोपऱ्यातून सुरू होतो. मणक्यांमधील चकती जसा हादरा सोसते, तसे बॅटरीभोवती फोम लावायचे. पाचव्या-सहाव्या आवृत्तीतला रोबो वजनाने पहिल्याइतकाच असतो, पण तो टिकतो.

भिंगरीचे गणित

80 ग्रॅमची आणि नऊ सेंटिमीटर व्यासाची पोलादी चकती मिनिटाला 15,000 फेरे घेत असेल, तर तिच्यात सुमारे 100 ज्यूल ऊर्जा साठते. ताशी 127 किलोमीटर वेगाने टाकलेल्या लेदरच्या क्रिकेट चेंडूत साधारण एवढीच ऊर्जा असते. तेच वजन चकतीच्या कडेला नेले, तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते. वेग दुप्पट केला, तर ती चौपट होते.

म्हणून वेग वाढवत न्यावा, असे वाटेल. पण समोरचा रोबो सेकंदाला तीन मीटर वेगाने येत असेल आणि चकतीला एकच दात असेल, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये तो बारा मिलिमीटर आत सरकतो. तेवढीच पकड दाताला मिळते. दोन दात केले की पकड सहा मिलिमीटरवर येते; वेग दुप्पट केला तरी तेच होते. मग चकती नुसती खरवडत राहते. एकच दात ठेवून, त्याच्या विरुद्ध बाजूला तोल साधणारे वजन देऊन, वेग थोडा कमी करणारे संघ त्यामुळेच वरचढ ठरू शकतात.

इथे कपात नको

काटा जवळ आला की मुलांचा हात सुरक्षेच्या भागांकडे वळण्याची भीती असते. बॅटरीभोवतीची पेटी पातळ केली जाते किंवा वीज तोडणारी काढघालीची जोडणी गाळली जाते. डोळ्यासाठी 100 ज्यूलच्या कितीतरी कमी ऊर्जाही घातक ठरते. पाते अडकवून ठेवणारे कुलूप लढतीआधी काढायचेच असते, त्यामुळे त्याचे वजन वाचवून काहीच साधत नाही. रिमोटचा संपर्क तुटला की पाते आपोआप थांबले पाहिजे, आणि ही सोय दर वेळी तपासली पाहिजे. घरातल्या फरशीवर, ‘फक्त एकदा’ म्हणून पाते फिरवून पाहणे तर कटाक्षाने टाळावे. चाचणी पॉलिकार्बोनेटच्या बंद पेटीतच करावी आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असावा.

लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल 4.2 व्होल्टपेक्षा जास्त भरू नये आणि 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. चार्जिंग लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. कार्बन फायबर कापताना मास्क लावावा आणि सोल्डरिंग खिडकीजवळ करावे. त्याच्या धुराने दमा बळावू शकतो.

दुखापत झालीच तर

डोळ्यात तुकडा घुसला, तर डोळा चोळू नये, तुकडा काढू नये, पाणीही मारू नये. कागदी कप डोळ्यावर दाब न देता धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. बोटाचा तुकडा पडला, तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नये. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. बॅटरीतून धूर निघाला, तर सर्वांनी आधी बाहेर पडावे. नंतर खोकला किंवा धाप लागल्यास रुग्णालय गाठावे. जखमेनंतर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

मूल अशा खेळात रमले असेल, तर त्याला रोखण्याचे कारण नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे त्याला तो काटा शिकवत असतो. पालकांनी एवढेच पाहावे, की 17 ग्रॅम कमी करताना त्याने नेमके काय काढले.