गावच्या घराला खिळा ठोकायला दिल्लीची परवानगी?

“गाडगीळ लागू झाला की गावच्या घराला खिळा ठोकायलासुद्धा दिल्लीची परवानगी लागणार.”

गिरणगावात राहणाऱ्या आणि सह्याद्रीत गाव असणाऱ्या माणसाने हे वाक्य ऐकलं नसेल, तर गेली दहा-बारा वर्षं तो गावकीच्या सभेला फिरकलेलाच नाही, असं खुशाल समजावं. गणपतीच्या आधी परळ, लालबाग, दादरला मुंबईकर मंडळांच्या सभा होतात. वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार, एसटीच्या ग्रुप बुकिंगची यादी एवढं उरकलं की कुणीतरी मोबाइल पुढे करतो. त्यावर गावांच्या नावांचा तक्ता असतो, आपल्या गावाभोवती लाल गोल काढलेला असतो आणि वर मजकूर असतो : घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, जमीन सरकारजमा. मग एखादे काका कळवळून विचारतात, “अरे, रिटायर झाल्यावर मी माडी चढवणार होतो, तिचं काय?” काकांवर रागावण्यात अर्थ नाही. राग येतो तो मेसेज लिहिणाऱ्याचा. त्याने तक्ता पाठवला आणि तक्त्याच्या आधीची पानं बिनबोभाट गाळली.

मुळात गाडगीळ अहवाल कधी लागू झालेलाच नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीने तो ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला. केंद्राने दाबून ठेवला. माहिती अधिकारातलं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. मागोमाग के. कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली आणि तिने एप्रिल २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. गाडगीळांनी सगळा पश्चिम घाट, म्हणजे सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, कमी-अधिक कडक अशा तीन पातळ्यांत संरक्षित करायला सांगितलं होतं. कस्तुरीरंगन यांनी आकडा ६० हजारांच्या आत आणला. मार्च २०१४ पासून केंद्राने काढलेले पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे या दुसऱ्या अहवालावर बेतलेले आहेत. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत मसुदे सहा निघाले, अंतिम अधिसूचना एकही नाही. सहाव्या मसुद्याची तारीख ३१ जुलै २०२४, म्हणजे केरळात वायनाडचा डोंगर खाली आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यात सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि महाराष्ट्राचं १७,३४०. मसुद्याला कायद्याचं बळ नसतं. त्यामुळे या दहा वर्षांत ‘गाडगीळमुळे घर अडलं’ असं कुणी सांगत असेल, तर घर नेमकं कशामुळे अडलं ते तलाठ्याकडे जाऊन विचारावं.

आता गाळलेल्या पानांकडे वळू. तक्ता ज्या राजपत्रातला, ते हिंदीत आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही, आणि हा दोष सरकारचाच. ज्याच्या गावाचं नाव छापायचं त्याला त्याच्या भाषेत सांगायचं नाही, मग अफवा पसरल्या म्हणून कपाळाला हात लावायचा! पण मजकूर अवघड मुळीच नाही. बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपशावर. चालू खाणी अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत, किंवा पट्ट्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेव्हा, बंद करायच्या. नवे औष्णिक वीज प्रकल्प नाहीत. सर्वाधिक प्रदूषणाच्या ‘लाल’ प्रवर्गातले नवे उद्योग नाहीत. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी नवी बांधकामं नाहीत, ५० हेक्टरच्या किंवा त्यापुढच्या टाउनशिपही नाहीत. आणि त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलं आहे की, असलेल्या राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण यांवर निर्बंध नाही, फक्त चालू नियम पाळायचे. काकांची माडी या एका वाक्यात बसते. शेती बंद करण्याचं कलम शोधून सापडत नाही. जमिनीची मालकी बदलण्याचं किंवा गाव उठवण्याचंही सापडत नाही.

२० हजार चौरस मीटर म्हणजे किती, तेही एकदा मोजून टाकू. सव्वादोन लाख चौरस फुटांना थोडं कमी. दहा बाय बाराच्या चाळीतल्या खोल्या मांडत गेलात तर जवळपास अठराशे खोल्या. वेळवंडीला, कांदाटीला किंवा आंबोलीजवळ एवढं बांधणारा चाकरमानी माझ्या तरी पाहण्यात नाही. एवढं बांधणारी मंडळी आहेत, नाही असं नाही. पण त्यांची चिंता आपण आपल्या छातीवर का घेऊन फिरतो?

आणि हे सगळं कागदावरचं म्हणून सोडून द्यायचं असेल, तर महाबळेश्वरला जाऊन या. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि माथेरान २००३ पासून. दोन्हीकडच्या अधिसूचना अंतिम आहेत, मसुदे नव्हेत. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याने स्ट्रॉबेरी बंद केलेली नाही. उलट २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. माथेरानची वस्ती कुणी खाली उतरवली नाही. घरं विकली जातात, घेतली जातात, वारसांच्या नावावर चढतात. परवानग्यांसाठी तिथल्या लोकांना हेलपाटे पडतात, ही तक्रार खरी आहे आणि ती सोडवायलाही हवी. पण गाव उठतं असं म्हणणाऱ्याने उठलेलं गाव दाखवावं.

गाडगीळांच्या मूळ अहवालाची तर जास्तच बदनामी झाली. त्यातल्या सर्वांत कडक पहिल्या पातळीतसुद्धा शेतजमिनीचा वापर बदलायला मनाई करताना एक अपवाद ठेवलेला होता : स्थानिकांची लोकसंख्या वाढली तर त्यांच्यासाठी गावठाण वाढवता येईल. बिगरशेतीची दारं बंद होत होती ती बाहेरच्याला, गावच्या पोरासुनांना नाही. शिवाय संवेदनशील क्षेत्राचे नियम ग्रामसभांशी बोलून ठरवा, हा त्या अहवालाचा कणा होता. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ गावांनी ग्रामसभांचे ठराव करून ‘आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या’ अशी मागणी गाडगीळ समितीकडे आपणहून केली होती. का केली असेल? त्याच दोडामार्गातलं कळणे पाहा. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीत साठलेलं पाणी जुलै २०२१ मध्ये बांध फोडून खाली आलं आणि चिखलासकट लोकांच्या बागायतीत, घरांत घुसलं. घर वाचवायला दिल्लीची परवानगी लागत नव्हती. खाणीला ती मिळालेली होती.

भीती मात्र हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. पाटण-जावळीच्या माणसाला आधी कोयना धरणाने उठवलं, मग १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. चांदोलीतही तेच. सिंधुदुर्गात सातबाऱ्यावर वनसंज्ञेचे शेरे बसले. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन १९९९ मध्ये सरकारच्या नावे चढली आणि लोक आपल्याच अंगणात परके झाले. दुधाने पोळल्यावर ताक फुंकणाऱ्याला हसू नये. पण अभयारण्य, वनसंज्ञा आणि संवेदनशील क्षेत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळे कायदे, वेगळी खाती. पहिल्या दोन्हींचा थेट संबंध वनखात्याशी आणि जमिनीवरच्या हक्काशी येतो, तिसऱ्याचा जमिनीवर काय उभं करता येईल एवढ्याशीच. मेसेज लिहिणारा या तिन्हींचं कडबोळं करतो, कारण ते त्याच्या सोयीचं असतं.

“ते डोंगराचं डोंगराकडे, आपण मुंबईत, आपला काय संबंध?” हा दुसरा मोठा गैरसमज. दादर-लोअर परळच्या सेनापती बापट मार्गाला जुनी माणसं अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारी नळवाहिनी तिथून गेली. पुढे रस्त्याला नाव मिळालं ते पांडुरंग महादेव बापटांचं. १९२१ मध्ये ते मुळशीच्या मावळ्यांसोबत टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. भातखाचरं पाण्याखाली गेलीच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. त्याआधी खोपोलीचं १९१५ पासून चालू होतं. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस तळ्यांत अडवायचा, कोकणात खाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, असा हा सगळा व्यवहार. ज्या भोंग्यावर आपल्या आज्या-आजोबांचा दिवस उगवायचा, त्यामागे मावळातलं पाणी होतं आणि काही गावांचं बुडणंही होतं.

गिरण्या गेल्या, पाण्याचं ऋण गेलं नाही. आज मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्यात मुंबईच्या हद्दीतल्या विहार आणि तुळशी या दोन तलावांचा वाटा जेमतेम तीन टक्के. एकट्या भातसातून निम्म्याच्या आसपास येतं, बाकीचं तानसा आणि वैतरणेच्या धरणांतून. ही धरणं सह्याद्रीच्या उतारावरचा पाऊस साठवतात. आणि भातसा ज्या तालुक्यात आहे त्या शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पोचवावं लागतं. आपल्याकडे पाणीकपात दहा टक्क्यांची झाली तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी येते. तिथल्या बाया धरणाकडे बघत हंडे वाहतात, ती बातमी आतल्या पानावर.

उरलेले गैरसमज थोडक्यात. जागतिक वारसास्थळ झालं म्हणजे जमीन युनेस्कोची झाली, असं नसतं. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली, राधानगरी त्या यादीत गेले, सातबारे जागच्या जागी आहेत. कातळसडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. पावसाळ्यात त्यावर उगवणाऱ्या कित्येक वनस्पती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि खालच्या झऱ्यांना पाणी बहुतेकदा तिथूनच मुरून मिळतं. प्लॉटिंगवाल्याला तो पडीकच दिसणार. झाडं लावली की घाट वाचला, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा फोटोत छान दिसतात, एवढंच. डोंगरातली माणसंच जंगल खातात, असं म्हणणाऱ्यांनी गावोगावच्या देवराया कुणी राखल्या हे विचारावं. त्यांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि खुद्द गाडगीळ यांनी १९७०च्या दशकातच केला आहे. आणि ‘दरडी काय, पूर्वीपासून पडतात’ हे माळीण (२०१४, १५१ मृत्यू), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या तीन नावांनंतर तरी कुणी इतक्या सहज बोलू नये.

कस्तुरीरंगन यांच्या मार्गाने निघालेला मसुदा निर्दोष आहे, असं माझं म्हणणं नाही. गावांची निवड मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून झाली, ग्रामसभेला विचारून नाही, आणि गाडगीळांनी याच गोष्टीवर कडक टीका केली होती. हरकत घ्यायची तर या मुद्द्यावर घ्या. ती घेता येते. ग्रामसभेत मत द्यायला गावच्या मतदारयादीत नाव लागतं आणि आपल्यापैकी बहुतेकांचं नाव शिवडी-वरळी-माहीमच्या यादीत आहे. मसुद्यावर मात्र कोणीही लिहू शकतो. मसुदा राजपत्रात निघाल्यापासून ६० दिवस सूचना आणि हरकती पाठवता येतात. त्यासाठी गावात राहत असल्याचा दाखला लागत नाही. खाली लालबागचा पत्ता चालतो.