परसातल्या कोंबड्या : आधी खुराडे, मग पक्षी



मागच्या पालकसभेत एका आईने आम्हांला विचारले, "गुरुजी, आमची मुलगी रोज हट्ट धरून बसते. परसात चार कोंबड्या ठेवूया म्हणते. आरंभ कुठून करावा?" आम्ही म्हणालो, "बाई, खुराड्यापासून." त्यांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. सभेच्या गडबडीत नीट सांगायला वेळ मिळाला नाही, म्हणून ते उत्तर आज या पानावर सविस्तर देत आहोत. असा विचार मनात घोळवणारी आणखीही घरे असतील.

आपल्या बहुतेक कुटुंबांत दोन पिढ्यांपूर्वी कोंबड्या होत्याच. आमची आजी साखर कारखान्याच्या कँपात राहत असे. तिच्या दाराशी एक डालगे, चार-पाच कोंबड्या आणि एक भांडखोर कोंबडा असे. पाहुणा आला की अंडी परसातून येत, बुतिकमधून नव्हे. पुढे सिमेंटची घरे झाली, लाकूरमध्ये मोटार आली आणि अंडी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येऊ लागली. त्यात वाईट काही नाही. पण त्याबरोबर अंगातले ज्ञानही गेले. खुडूक म्हणजे काय, तलंग कोणाला म्हणतात, हे आमच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक नसते. खरे सांगायचे तर आम्हांलाही ते पुस्तकातूनच ठाऊक होते.

२० मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी आली, हे आपण विसरला नसाल. काही दिवस दुकाने अजिबात बंद होती. एप्रिलच्या आरंभी ती उघडली तेव्हा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खरेदीचे वार ठरवून दिले होते. आपला वार येईपर्यंत घरात एकही अंडे नाही, असा प्रसंग आमच्यावरही आला. तेव्हाच आम्ही ठरवले की घरी कोंबड्या पाळायच्या. बंदी उठताच आम्ही पाच तलंगा घेऊन आलो. त्यांच्यासाठी जुन्या फळ्यांची पेटी आणि भोवती पातळ तारेची जाळी एका शनिवारी दुपारी घाईघाईने उभी केली. आईने पाहिले आणि विचारले, "जाळी जमिनीत पुरलीस का रे?" आम्ही म्हणालो, "पुढच्या आठवड्यात पुरू."

रोज संध्याकाळी आम्ही पेटीची कडी न चुकता लावत होतो. चोर रात्री येतो, ही आमची समजूत. पण मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे, हे आम्ही लक्षातच घेतले नाही. बुधवारी आम्ही शाळेत, मुलगी तिच्या शाळेत, आई वरच्या मजल्यावर. मुंगसाने जाळीखालची माती उकरली आणि ते आत शिरले. दुपारी मुलगी दप्तर घेऊन धावत परसात गेली. पाचांपैकी तीन तलंगा मरून पडल्या होत्या. दोन पेटीच्या मागे चिकटून थरथरत होत्या. मुलीने त्यांना नावे ठेवली होती. त्या रात्री ती जेवली नाही, आणि आई आम्हांला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

आपले पूर्वज भारतातून या बेटावर आले, तसे मुंगूसही भारतातूनच आले. विसाव्या शतकाच्या आरंभी उंदरांचा नायनाट करण्यासाठी ते येथे सोडले गेले. उंदीरही राहिले आणि मुंगूसही राहिले. भटकी कुत्री आणि मांजरे आहेतच. तेव्हा आपल्या बेटावर कोंबडी पाळायची तर पहिला प्रश्न दाण्याचा नाही, घराचा आहे.

आम्ही शिक्षक-प्रशिक्षण घेत होतो तेव्हा एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात मनावर बिंबवली गेली : पाठटाचण तयार असल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नये. पंचवीस-तीस मुले समोर बसल्यावर काय शिकवायचे याचा विचार करू लागलात, तर तास हातचा जातो. कोंबड्यांचेही तेच आहे. दुसऱ्या वेळी आम्ही आधी टाचण लिहिले. ते असे.

घर

पाच कोंबड्यांना दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद खुराडे पुरते. त्याला लागून निदान पाच चौरस मीटरचे जाळीबंद अंगण हवे; मोठे असेल तर अधिक चांगले. जाळी बारीक छिद्रांची आणि जाड तारेची, अर्ध्या इंचाची घ्यावी. बाजारात जी षट्कोनी पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. जाळी जमिनीखाली वीतभर तरी पुरावी आणि तेथून बाहेरच्या बाजूला हातभर आडवी पसरून वर माती व दगड टाकावेत. उकरणारा प्राणी कडेलाच उकरतो. खाली जाळी लागली की बहुधा नाद सोडतो. अंगणाला वरूनही जाळी हवी, कारण मांजर आणि मुंगूस दोन्ही चढतात.

खुराड्याचा तळ जमिनीपासून उंच असावा. आत बसण्यासाठी आडवी दांडी लावावी, प्रत्येकीला वीतभर जागा मिळेल अशी. अंडी घालायला पाच कोंबड्यांत दोन पेट्या पुष्कळ झाल्या. प्रत्येक पेटी लांबी-रुंदी-उंचीने फूटभर. दांडी पेटीपेक्षा उंच ठेवावी, नाहीतर त्या पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात. वरच्या बाजूला वारा खेळता ठेवावा. कास्काव्हेल किंवा बांबूकडे राहणाऱ्यांनी सावलीची काळजी घ्यावी, कारण पत्र्याखाली कोंबडी उन्हाने धापा टाकत मरू शकते. आमच्यासारख्या वाक्वा-क्युरपिपच्या बाजूच्या लोकांनी ओलीची काळजी घ्यावी. खाली लाकडाचा भुसा किंवा चांगला वाळलेला बगास पसरावा. ओला बगास मुळीच नको. त्यावर बुरशी धरते.

पक्षी

नवख्याने एक दिवसाची पिल्ले आणू नयेत. ती फार गोजिरी दिसतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३३ अंशांची ऊब लागते आणि मग दर आठवड्याला ती हळूहळू कमी करावी लागते. सोळा आठवड्यांच्या आसपासच्या तलंगा घ्याव्यात. त्या महिना-दीड महिन्यात अंडी घालू लागतात. कोंबडी एकटी राहू शकत नाही, म्हणून निदान तीन घ्याव्यात, आणि सगळ्या एकाच वयाच्या. विकणाऱ्याला विचारावे की कोणत्या लसी टोचल्या आहेत.

कोंबडा लागतो का? अंड्यांसाठी लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच तो हवा. मग खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही असे आपण म्हणतो, पण झाकलेले कोंबडे शेजाऱ्याला पहाटे चार वाजता जागे करायचेही राहत नाही. भिंतीला भिंत लागून घरे असतील तर कोंबडा नको. मोर्सेलमांत राहत असाल तर जागेचे करारपत्र वाचा, कौन्सिलात चौकशी करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. पहिली अंडी त्यांच्या घरी पाठवा. पुढची तक्रार निम्मी होते.

दाणा-पाणी

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे पाच कोंबड्यांना महिन्याला १८ किलो. २५ किलोची एक गोणी चाळीस दिवस जाते. खाद्य अंड्यांवरच्या कोंबड्यांचेच घ्यावे, मांसासाठी वाढवायच्या पक्ष्यांचे नव्हे. अंड्याच्या कवचाला चुना लागतो, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला हवा ती खाते. वरून ब्रेद, लेतू, पपई, भोपळा मूठभर द्यावे. झावोका, कच्ची कडधान्ये, कच्च्या मानिओकची साल, खारट शिळे अन्न आणि बुरशी आलेला पाव देऊ नये. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवावे, नाहीतर आपण कोंबड्या नव्हे, उंदीर पाळतो. पाणी रोज बदलावे आणि उन्हाळ्यात सावलीत दोन भांडी ठेवावीत.

पाच चांगल्या तलंगा भर दिवसांत रोज चार अंडी देतात. पण वर्षभर नव्हे. कोंबडीला अंड्यासाठी लांब दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस १३ तासांहून थोडा मोठा आणि जूनमध्ये ११ तासांच्या आसपास असतो. हिवाळ्यात अंडी कमी झाली की घाबरू नये. वर्षातून एकदा त्या पिसे गाळतात, तेव्हाही दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंद होतात. दुकानापेक्षा अंडे स्वस्त पडेल म्हणून कोणी हा उद्योग करणार असेल तर जाळी, लाकूड आणि गोण्यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. आमचा तरी फायदा पैशात झालेला नाही.

आजार आणि स्वच्छता

मानमोडीचा रोग आपल्या आज्यांना ठाऊक होता. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून भारतात त्याला राणीखेत म्हणतात. येथे पशुवैद्य त्याला न्यूकासल म्हणतात. कोंबडी मान वाकडी करते, धापा टाकते आणि बघता बघता सगळा कळप जातो. त्यावर औषध नाही, लस आहे. डास चावून कोंबड्यांना देवी येतात, म्हणून भांड्यांत आणि डबक्यांत पाणी साचू देऊ नये. त्यात आपलाही फायदा आहे. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले तर ते उघड्यावर टाकू नयेत, कापून खाऊ नयेत. शासकीय पशुवैद्यकीय विभागाला लगेच कळवावे. मुलांनी कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. परसातल्या चपला परसातच ठेवाव्यात. विष्ठा ताजी असताना वाफ्यात घालू नये, रोपे जळतात. दोन-तीन महिने पाल्याबरोबर कुजवली की उत्तम खत होते.

वादळ

नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा काळ येतो. खुराड्याचा पत्रा नुसता खिळ्यांवर भरवशाने सोडू नये, तारेने बांधावा. दुसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की खोकी तयार ठेवावीत आणि वारा वाढण्याआधी कोंबड्या घरात घ्याव्यात. १९६० च्या कॅरोल वादळात आजीने कोंबड्या डालग्याखाली घालून घरात घेतल्या होत्या, अशी आठवण आई सांगते. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल आले तेव्हा आमच्या कोंबड्या मोटारीशेजारी गॅरेजात भाताच्या पेंढ्याऐवजी जुन्या वर्तमानपत्रांवर बसल्या होत्या. कदाचित त्यांत हे पानही असेल.

शेवटचा प्रश्न

एक गोष्ट कोंबड्या आणण्याआधीच घरात बसून ठरवावी. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, पण कोंबडी त्यानंतरही बरीच वर्षे जगू शकते. मग तिचे काय करायचे? कापायची असेल तर मुलांना पहिल्या दिवशीच तसे सांगा. ठेवायची असेल तर तिचा दाणा हिशेबात धरा. ज्याच्या त्याच्या घरची रीत वेगळी. पण मूल शाळेत असताना गुपचूप काही करू नका. आमच्या घरी हा निर्णय आईने दिला. त्या बुधवारी वाचलेल्या दोघींना तिने अभय दिले. त्यांतली एक पाच वर्षे जगली. शेवटचे दीड वर्ष तिने एकही अंडे दिले नाही, आणि तिच्या दाण्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

आता आमच्याकडे सहा आहेत. जाळी पुरलेली आहे. रोज संध्याकाळी दिवेलागणीला आई आणि आमची मुलगी हजेरी घेतात. मुलगी एरवी आजीशी क्रिओलमध्येच बोलते, पण कोंबड्या मोजताना आई ऐकून घेत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग कडी लागते. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी आम्ही स्वतः जाळीच्या कडेने एक फेरी मारतो.

तेव्हा त्या बाईंना आणि आपणां सर्वांना आमचे सांगणे एवढेच : या शनिवारी कोंबड्या आणायला जाऊ नका. मुलीला बरोबर घ्या, परसात जागा पाहा, सावली कुठे पडते आणि पाणी कुठे साचते ते पाहा, दोरीने माप टाका. सकाळी दार कोण उघडणार, संध्याकाळी कोण मोजणार आणि आपण बाहेरगावी गेलो तर कोण पाहणार, ही तीन नावे कागदावर लिहा. पुढच्या शनिवारी जाळी पुरा. कोंबड्या त्यानंतर आणा.