उन्हाळ्यात टायरची हवा काढू नका

एप्रिल-मे महिन्यात समृद्धी महामार्गावर निघण्यापूर्वी काही चालक मुद्दाम टायरमधली थोडी हवा कमी करतात. सिमेंटचा रस्ता तापतो, आतली हवा फुगते आणि टायर फुटतो, असा त्यांचा हिशेब. हवा फुगते हे खरे, पण त्यासाठी ती आधीच काढून ठेवणे जिवावर बेतू शकते.

टायर बाहेरून नुसते रबर दिसते. आत मात्र हवा धरून ठेवणारा ब्युटाइल रबराचा पातळ थर असतो आणि त्यावर पॉलिस्टरच्या दोऱ्यांचे कापड. रेडियल टायरमध्ये हे दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात; मिशलिन कंपनीने या रचनेचे पेटंट १९४६ मध्ये घेतले. काठात तारांचे कडे असते, ते टायरला रिमवर घट्ट बसवते. आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांना छेद देत बसवलेले असतात. या तारांवर पितळेचा मुलामा असतो, आणि मला तरी सगळ्या रचनेत हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. नुसत्या पोलादाला रबर नीट धरत नाही. पितळेतले तांबे मात्र रबरातल्या गंधकाशी रासायनिक बंध जुळवते. साच्यात दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला टायर पक्का होतो, तेव्हाच हा सांधाही जुळतो. ताशी १२० किलोमीटर वेगात आपला जीव या सांध्याच्या हवाली असतो.

गाडीचे वजन मात्र मुख्यतः आतली हवाच पेलते. ३३ पीएसआय हवा भरलेला टायर ३० अंशांनी तापला, तर दाब साधारण ५ पीएसआयने वाढतो. धडधाकट टायरला एवढी वाढ सहज सोसते. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरसाठीच असतो, त्यात ही वाढ आधीच धरलेली असते.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत जास्त वाकते. ताशी १२० च्या वेगात मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरते, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा वाकतो आणि सरळ होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकते तिथे गरम होते, तसेच इथे घडते. रबर उष्णतेचे वाहक म्हणून फार वाईट, त्यामुळे ती आतच कोंडते, विशेषतः पोलादी पट्ट्यांच्या कडांशी. तिथला सांधा सैल होतो, बारीक भेग पडते, वाढत जाते आणि एका क्षणी वरचा थर सोलून निघतो किंवा भिंतच फाटते. चालकाला फुटलेला गरम टायर तेवढा दिसतो, आणि दोष जास्त हवेवर जातो.

गाडीत माणसे आणि सामान क्षमतेबाहेर भरले, तरी भिंतीचे हेच हाल होतात. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच आणि तापल्यावर हवेइतकाच फुगतो. तो जरा हळू गळतो, एवढाच काय तो फायदा.

लांबच्या प्रवासाआधी सकाळी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेला आकडा पाहून हवा भरा. त्याच स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल, तर तो पाळा. वाटेत गरम टायरची हवा काढू नका. टायरच्या भिंतीवर कोरलेल्या चार आकड्यांच्या खुणेत टायर बनल्याचा आधी आठवडा आणि मग वर्ष असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर टायर बदलाच. पावसात गोटा झालेला टायर पाण्यावरून घसरतो. स्टेपनीची हवाही बघा.

आणि इतके करूनही टायर फुटलाच, तर ब्रेक जोरात दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा आणि वेग उतरल्यावरच गाडी कडेला घ्या.